वसंतात उघडणारी दारे : चार्ल्सटनच्या घर-बाग सहलीची वाटचाल

अमेरिकेच्या साउथ कॅरोलिना राज्यात, ॲशली आणि कूपर या दोन नद्यांमधल्या चिंचोळ्या जमिनीवर चार्ल्सटन शहर वसले आहे. तेथे 1803 साली बांधलेले जोसेफ मॅनिगॉल्ट यांचे तीन मजली विटांचे घर आहे. घरामागे बाग आणि बागेच्या टोकाला छोटेखानी, देवडीवजा प्रवेशद्वार. 1920च्या दशकाच्या सुरुवातीस ही बाग स्टँडर्ड ऑइल कंपनीला विकली गेली आणि फुलझाडांच्या जागी पेट्रोल पंप आला. विकणाऱ्यांचाही नाइलाज होता. घर पाडले जाऊ नये म्हणून नेल प्रिंगल आणि त्यांच्या पतीने ते पदरमोड करून घेतले होते. कर्जाचे ओझे पेलेना, तेव्हा घर राखण्यासाठी बाग गेली. 1933 मध्ये करथकबाकीपायी घरही लिलावात निघाले. एका दानशूर स्त्रीच्या मदतीने ते चार्ल्सटन म्युझियमने घेतले, आणि पुढे शहराच्या गार्डन क्लबने ती बाग नव्याने लावली.

चार्ल्सटनच्या प्रसिद्ध वसंत सहलीचे मूळ असल्या प्रसंगांत आहे. हिस्टॉरिक चार्ल्सटन फाउंडेशन ही संस्था 1947 साली स्थापन झाली. मार्चच्या मध्यापासून सुमारे महिनाभर शहरातील खासगी घरांची व बागांची दारे तिकीट काढून आलेल्या पाहुण्यांसाठी उघडण्याची प्रथा तिने रुजवली. पाहुणे एका दिवशी जुन्या गल्ल्यांतून पायी फिरतात आणि दुसऱ्या दिवशी ॲशली नदीकाठच्या बागा पाहायला जातात. मात्र या सहलीची कथा संस्थेच्या स्थापनेपासून सांगितली तर अर्धीच सांगितल्यासारखी होईल.

वसाहतीची मुहूर्तमेढ 1670 मध्ये ॲशलीच्या पश्चिम काठावर रोवली गेली. दहा वर्षांनी वस्ती आजच्या जागी आली आणि 1783 मध्ये चार्ल्स टाउनचे चार्ल्सटन झाले. भात आणि नीळ या दोन पिकांवर हे शहर गब्बर झाले. त्यातही भात अधिक. भरतीच्या जोरावर नदीचे गोडे पाणी खाचरांत घ्यायचे, ओहोटीला सोडून द्यायचे, आणि यासाठी बांध व लाकडी झडपा बसवायच्या, अशी ती शेती होती. गोव्यातील खाजण जमिनीचे बांध आणि मानस ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ही रीत सांगावी लागणार नाही. फरक इतकाच की खाजणात खारे पाणी बाहेर ठेवायचे असते, येथे गोडे पाणी आत घ्यायचे होते. हे काम पश्चिम आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांनी केले. त्यांतील अनेकांना भातशेतीचे ज्ञान मुळातच होते. शहरातील प्रत्येक देखण्या जिन्याखाली आणि प्रत्येक आखीव बागेखाली हे श्रम आहेत.

मग वैभवाला ओहोटी लागली. 12 एप्रिल 1861 रोजी बंदराच्या तोंडाशी असलेल्या फोर्ट सम्टरवर तोफा डागल्या गेल्या आणि अमेरिकेतील यादवी युद्ध सुरू झाले. त्याच वर्षी डिसेंबरात मोठी आग लागून शहराचा बराच भाग भस्मसात झाला. 1863 पासून तोफगोळ्यांचा मारा सोसावा लागला. शहर सावरते न सावरते तोच 31 ऑगस्ट 1886च्या रात्री भूकंप झाला. सुमारे 60 माणसे दगावली आणि क्वचितच एखादी इमारत धक्क्यातून सुटली. त्या वेळी फुगलेल्या भिंती आवळण्यासाठी लोखंडी सळया घरांतून आरपार घालून बाहेरून चकत्यांनी घट्ट केल्या गेल्या. भिंतींवरच्या त्या चकत्या आजही दिसतात, आणि नवखे पाहुणे त्यांना नक्षी समजतात.

गरिबी मात्र उपकारक ठरली. जुने पाडून नवे बांधायला कोणाकडे पैसाच नव्हता. रंग लावण्याची ऐपत नाही आणि नुसता चुना फासणे मानी स्वभावाला रुचत नाही, असे चार्ल्सटनकर स्वतःबद्दल गमतीने म्हणत. त्या ऐपतीच्या अभावी अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातील घरांच्या रांगाच्या रांगा जशाच्या तशा उभ्या राहिल्या.

या पडत्या काळात बागांनी वाट दाखवली. शहरापासून थोड्या अंतरावर ॲशलीच्या काठी मॅग्नोलिया ही ड्रेटन घराण्याची सतराव्या शतकापासूनची जमीन आहे. 1840च्या दशकात जॉन ग्रिम्के ड्रेटन या धर्मोपदेशकाने तेथे अझेलिया आणि कॅमेलिया लावायला सुरुवात केली. त्याला फ्रेंच धाटणीची आखीव बाग नको होती. वाटा वळत जाव्यात, पाण्यावर फांद्या झुकाव्यात आणि माणसाचा हात दिसू नये, अशी त्याची हौस. युद्धात मॅग्नोलियाचे घर जळाले, पैसा आटला. तेव्हा त्याने समरव्हिल गावातील आपले उन्हाळी घर सुटे करून नदीमार्गे मॅग्नोलियात आणून उभे केले, काही जमीन फॉस्फेटच्या खाणीसाठी भाड्याने दिली आणि 1870च्या सुमारास बाग लोकांसाठी खुली केली. शहरातून आगबोटीने लोक वसंतात फुले पाहायला येऊ लागले. नदीतून येणारे हे पाहुणे म्हणजे आजच्या सहलीचे पूर्वज म्हणावे लागतील. बाग सांभाळली ती ॲडम बेनेट या पूर्वाश्रमीच्या गुलाम माळ्याने. युद्ध संपल्यावर मालकाला बाग शाबूत असल्याचा निरोप द्यायला तो नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरापर्यंत पायी गेला, असे मॅग्नोलियात सांगतात. पुढे त्याच्या मुलांनीही ही बाग सांभाळली.

नदीकाठीच थोडे वर मिडलटन प्लेस आहे. हेन्री मिडलटन यांनी 1741 साली तेथे बाग आखायला घेतली. हेच मिडलटन पुढे 1774 मध्ये पहिल्या काँटिनेंटल काँग्रेसचे काही काळ अध्यक्ष होते. त्यांचे पुत्र आर्थर यांची स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही आहे. उतारावर हिरवळीच्या पायऱ्या आणि तळाशी पंख पसरलेल्या फुलपाखरासारखी दोन तळी, अशी ही रचना. फेब्रुवारी 1865 मध्ये उत्तरेच्या सैन्याने घर जाळले, भूकंपाने उरल्या भिंती पाडल्या आणि तळ्यांतले पाणीही गेले. पुढची काही दशके बागेत रान माजले. 1916 मध्ये ही मालमत्ता जे. जे. प्रिंगल स्मिथ यांच्याकडे आली. ते आणि त्यांच्या पत्नी हेनिंगहॅम यांनी आयुष्याची पुढची वर्षे बाग मोकळी करण्यात घालवली. त्या कामाची दखल घेऊन 1941 मध्ये गार्डन क्लब ऑफ अमेरिकाने मिडलटनला बल्कली पदक दिले.

येथे एक गोष्ट नोंदवायला हवी. या बागांतील जुन्या अझेलियांना तिकडे ‘इंडिका’ म्हणतात, पण भारताशी त्यांचा संबंध नाही. मूळ पूर्व आशियातले. ‘इंडिका’ हे नाव मिरवणारा दुसरा वृक्ष क्रेप मर्टल. चार्ल्सटनला तो आंद्रे मिशो या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने आणला, असे मानतात. 1786 साली त्याने शहराजवळ आपली रोपवाटिका थाटली होती, आणि मिडलटनमधील पहिल्या कॅमेलिया त्यानेच दिल्याची तेथील परंपरा आहे. क्रेप मर्टल हा महाराष्ट्राच्या राज्यपुष्पाचा, ताम्हणाचा, सख्खा भाऊबंद. मात्र वसंत सहलीला आलेल्या पाहुण्याला तो फुललेला दिसत नाही. त्याचा बहर उन्हाळ्यात. मार्चमध्ये अझेलिया, विस्टेरियाचे जांभळे घोस आणि लेडी बँक्स गुलाबाचे पिवळे वेल यांचे राज्य असते.

शहरात घरे वाचवण्याची चळवळ स्त्रियांनी सुरू केली. सुझन प्रिंगल फ्रॉस्ट या शहरातील पहिल्या स्त्री मालमत्ता व्यावसायिक. 1920 साली मॅनिगॉल्ट घरावर संकट आले तेव्हा त्यांनी पुढाकार घेऊन जुनी घरे जतन करणारी संस्था स्थापन केली. हीच पुढे प्रिझर्व्हेशन सोसायटी ऑफ चार्ल्सटन झाली आणि आजही कार्यरत आहे. फ्रॉस्टबाईंना हिशेबापेक्षा घराचा लळा अधिक. ईस्ट बे स्ट्रीटवरची सहा पडकी घरे त्यांनी विकत घेतली, पण दुरुस्तीला पैसा पुरला नाही. पुढे 1931 मध्ये डोरोथी लेग यांनी त्या रांगेतील एक घर घेऊन त्याला गुलाबी रंग दिला. शेजाऱ्यांनी फिकट रंगांचा कित्ता गिरवला आणि 13 घरांची ‘रेनबो रो’ तयार झाली. फ्रॉस्ट यांच्या बांधकामांवर थॉमस मेहेम पिंकनी या कृष्णवर्णीय कारागिराचा हात होता. जुने लाकूडकाम आणि कठडे कसे असावेत, हे तो जाणत असे. संस्थेच्या जुन्या इतिहासांत त्याचे नाव उशिरा आले, हेही येथे नमूद केलेले बरे.

त्या काळात दुसरी एक पीडा होती. श्रीमंत संग्राहक आणि दूरची संग्रहालये चार्ल्सटनच्या घरांतील लाकडी तावदाने, शेकोट्यांच्या चौकटी, लोखंडी जाळ्या विकत घेऊन नेऊ लागली. अख्ख्या खोल्या उचलल्या जात होत्या. त्यातच 1929च्या सुमारास मीटिंग स्ट्रीटवर जुनी घरे पाडून स्टँडर्ड ऑइलचा आणखी एक पंप बांधला गेला. पाडलेल्या घरांत वास्तुरचनाकार गॅब्रिएल मॅनिगॉल्ट यांचेही घर होते. जोसेफचे घर ज्याने आखले तोच हा भाऊ. लोकांचा राग शांत करण्यासाठी म्हणा किंवा आणखी कशासाठी, कंपनीने स्थानिक वास्तुरचनाकार आल्बर्ट सिमन्स यांच्याकडून पंपाची इमारत जुन्या वळणाची करून घेतली आणि पाडलेल्या घराच्या विटा व खांब तिच्यात वापरले. या पंपाचा पुढे पुन्हा उल्लेख येणार आहे.

या घडामोडींतून 1931चा ठराव झाला. नगरपालिकेने ‘जुना व ऐतिहासिक विभाग’ आखला आणि त्यातील इमारतींच्या बाह्यरूपातील बदलांवर देखरेखीसाठी मंडळ नेमले. अमेरिकेतील हा पहिलाच असा विभाग. आज देशभर शेकडो गावांत जी व्यवस्था रूढ आहे तिचे मूळ चार्ल्सटनच्या या ठरावात सापडते.

बागांच्या बाबतीत तीसचे दशक भरभराटीचे ठरले. भातशेतीसाठी पाणी साठवण्याचे डीन हॉल मळ्यातील सायप्रसचे दलदली तळे बेंजामिन किट्रेज यांनी अझेलिया लावून सजवले आणि 1932 मध्ये लोकांसाठी खुले केले. हेच सायप्रस गार्डन्स. काळ्याशार पाण्यातून सपाट बुडाच्या होडीने जायचे, वर सायप्रसची झाडे, काठावर फुले, आणि पाण्यात सगळे उलटे. शहराच्या आत काम वेगळेच होते. चार्ल्सटनचे ‘सिंगल हाउस’ एका खोलीच्या रुंदीचे. अरुंद बाजू रस्त्याकडे आणि लांबीभर पडवी बाजूच्या बागेकडे. रस्त्यावरचे दार उघडले की पाऊल घरात नव्हे, पडवीत पडते. कोकणातल्या माणसाला पडवी नवी नाही, पण पडवीलाच दार लावून ते रस्त्याकडे वळवण्याची कल्पना त्यालाही गमतीची वाटेल. या पडवीसमोरच्या चिंचोळ्या तुकड्यांत लाउट्रेल ब्रिग्ज या न्यूयॉर्कहून आलेल्या उद्यानरचनाकाराने शंभराहून अधिक बागा आखल्या. जुन्या विटांची पायवाट, एखादे छोटे कारंजे, कडेला बॉक्सवूड आणि कॅमेलिया. सहलीत खासगी फाटकातून आत डोकावल्यावर जे दिसते त्यातील बरेचसे ब्रिग्ज यांचे किंवा त्यांच्या वळणाचे असते.

चाळीसच्या दशकात कामाला पद्धत आली. नगररचनाकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड (धाकटे) यांच्या सल्ल्यानंतर कॅरोलिना आर्ट असोसिएशनने शहराची वास्तुसूची करायला घेतली. रॉबर्ट व्हाइटलॉ यांच्या पुढाकाराने आणि हेलन मॅकॉर्मॅक यांच्या पायपिटीने शहरातील 1,168 इमारतींची नोंद झाली आणि 1944 मध्ये ती पुस्तकरूपाने आली. काय आहे ते कळल्यावर ते राखणार कोण, हा प्रश्न उरला. त्याच्या उत्तरादाखल 1947 मध्ये हिस्टॉरिक चार्ल्सटन फाउंडेशनची स्थापना झाली.

नव्या संस्थेकडे पैसा नव्हता. घरे दाखवून पैसा उभा करायचा, असे ठरले. त्या कामावर नेमलेल्या फ्रान्सिस एडमंड्स पुढे संस्थेच्या पहिल्या संचालक झाल्या आणि 1985 पर्यंत त्यांनी धुरा वाहिली. घरमालकांची मने वळवणे सोपे नव्हते. अनोळखी माणसे दिवाणखान्यातून फिरणार, आजीच्या पलंगाकडे बोट दाखवणार, हे कोणाला रुचेल? पण एका शेजाऱ्याने दार उघडले की दुसऱ्याला मागे राहता येईना. प्रत्येक खोलीत एक स्वयंसेवक उभा राहू लागला. त्याला त्या खोलीपुरते सगळे पाठ असते: कपाट कोणत्या सुताराचे, छतावरचे नक्षीकाम कोणत्या वर्षीचे, खिडकीची कोणती काच मूळची. ही पद्धत आजतागायत टिकली आहे. स्वयंसेवकांतले काही जण निवृत्त शिक्षक, काही जण त्याच गल्लीतले रहिवासी. दर वसंतात त्यांची संख्या शेकड्यांत जाते आणि त्यांच्याशिवाय एक फाटकही उघडत नाही.

सहलीच्या मिळकतीचे चीज लवकरच दिसले. 1955 मध्ये संस्थेने मीटिंग स्ट्रीटवरील नॅथॅनिएल रसेल यांचे 1808 सालचे घर विकत घेतले. या घराचा अंडाकृती जिना तीन मजले चढतो आणि कोठेही खांबाला टेकत नाही. पायरी पायरीच्या आधारावर. रसेल यांच्या उत्पन्नात गुलामांच्या व्यापाराचाही वाटा होता, हे पाहुण्यांना पुढे फार उशिरा सांगितले जाऊ लागले.

1959 मध्ये संस्थेने याहून धाडसी पाऊल टाकले. अन्सनबरो भागातील मोडकळीस आलेली घरे घ्यायची, त्यांची पडझड थांबवायची, जतनाच्या अटींवर विकायची आणि आलेल्या पैशातून पुढचे घर घ्यायचे, असा फिरता निधी तिने उभा केला. या मार्गाने साठाहून अधिक इमारती वाचल्या. अमेरिकेतील एखाद्या अख्ख्या वस्तीसाठी असा निधी वापरण्याचा हा आद्य प्रयोग मानला जातो आणि पुढे इतर शहरांनी त्याचे अनुकरण केले. पण हिशेबाची दुसरी बाजूही आहे. त्या घरांतून भाड्याने राहणारी बहुतेक कुटुंबे कृष्णवर्णीय आणि गरीब होती. घरे सुधारली, किमती वाढल्या आणि ती माणसे परत आली नाहीत. त्याच भागात पुढे नगरपालिकेचे सभागृहही अनेक घरे पाडून बांधले गेले. संस्थेच्या पुढच्या पिढीने हे मान्य केले आणि आपल्या भूमिकेचा फेरविचार केला.

1974 मध्ये मिडलटन प्लेस ना-नफा न्यासाकडे गेले. त्याच वर्षी ॲशलीकाठचे ड्रेटन हॉल ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टकडे आले. अठराव्या शतकाच्या मध्यावर बांधलेले हे घर युद्धातून वाचले होते. त्यात वीज नाही, नळ नाही, सामान नाही. जसे आहे तसेच ठेवायचे, असा निर्णय झाला. सहलीतील काही पाहुण्यांना रिकाम्या खोल्या पाहून थोडी निराशा होते. पण भिंतीवर पेन्सिलीने केलेल्या मुलांच्या उंचीच्या खुणा दिसल्या की तीही जाते.

21 सप्टेंबर 1989च्या मध्यरात्री ह्यूगो वादळ चार्ल्सटनजवळ किनाऱ्याला धडकले. छपरे उडाली, बागांमधले जुने ओक मुळांसकट आडवे झाले, समुद्राचे पाणी घरांत शिरले. त्यानंतरचा वसंत दुरुस्तीचा होता. पाथरवट, गवंडी, लोहार, छप्पर करणारे कारागीर कमी पडले. जुने काम जाणणारी माणसे तयार केली नाहीत तर नुसते पैसे उपयोगाचे नाहीत, हा धडा तेव्हा मिळाला. लोहारकामाचे नाव निघाले की फिलिप सिमन्स यांचे स्मरण अटळ आहे. ते 1912 साली जन्मले. गुलामगिरीत जन्मलेल्या पीटर सिमन्स नावाच्या लोहाराकडे त्यांनी कला शिकली आणि शहरभर शेकडो फाटके, कठडे, खिडक्यांच्या जाळ्या घडवल्या. 1982 मध्ये त्यांना राष्ट्रीय सन्मान मिळाला. सहलीत पाहुणे ज्या फाटकाचे छायाचित्र घेतात ते बहुधा त्यांचे किंवा त्यांच्या शिष्याचे असते.

1995 मध्ये एकेन-र्‍हेट हे 1820 सालचे घर संस्थेकडे आले. रसेल घर लख्ख करून दाखवले होते. येथे मात्र सोललेला वॉलपेपर, ओघळलेले रंग तसेच ठेवले. मागच्या अंगणात स्वयंपाकघर, तबेला आणि त्यांच्या वरच्या गुलामांच्या खोल्या. पाहुणे त्या खोल्यांत जाऊ लागले तशी सहलीची भाषा बदलली. ‘नोकर’ म्हणण्याचे थांबले. मॅग्नोलियातही गुलामांच्या झोपड्या दुरुस्त करून त्यांच्यावर स्वतंत्र फेरी सुरू झाली. 2017 मध्ये रसेल घराच्या स्वयंपाकघराच्या भिंतीमागे उंदरांची जुनी घरटी सापडली. त्यांत टाचण्या, बटणे, कापडाच्या चिंध्या, छापील कागदाचे कपटे होते. मुळाक्षरे शिकवणाऱ्या पुस्तकाचाही एक तुकडा. साउथ कॅरोलिनात 1834 पासून गुलामांना वाचायला शिकवणे हा गुन्हा होता. संस्थेच्या इतक्या वर्षांच्या दप्तरात जे नव्हते ते उंदरांनी सांभाळले होते. जून 2023 मध्ये शहराच्या ज्या धक्क्यावर गुलामांची जहाजे लागत तेथेच आंतरराष्ट्रीय आफ्रिकन अमेरिकन संग्रहालय उघडले. आता सहलीला येणारे बरेच गट एक सकाळ त्यासाठी राखून ठेवतात.

अडथळे थांबले नाहीत. ऑक्टोबर 2015च्या पुरात सायप्रस गार्डन्स बुडाले आणि तीन वर्षांहून अधिक काळ बंद राहून 2019 मध्ये पुन्हा सुरू झाले. 2020च्या मार्चमध्ये फुले वेळेवर फुलली, पण महासाथीमुळे दारे उघडली नाहीत. मोठ्या भरतीला आता ऊन असतानाही रस्त्यांवर पाणी येते, आणि पाहुण्यांना हातात जोडे घेऊन गल्ली ओलांडावी लागते. 2019 मध्ये संस्थेने नेदरलँड्सच्या जलतज्ज्ञांना शहराच्या अभियंत्यांसोबत बसवले. जुनी घरे उचलून उंच पायावर ठेवण्याची परवानगी देण्याचा प्रश्न 1931च्या ठरावाखाली नेमलेल्या त्याच मंडळापुढे येऊ लागला आहे.

मीटिंग स्ट्रीटवरचा तो पेट्रोल पंप 1980च्या दशकात संस्थेने आपल्या कामासाठी घेतला आणि त्याला फ्रान्सिस एडमंड्स यांचे नाव दिले. पंप गेले, छत राहिले. त्याखाली उभे राहून पुढे कितीतरी वसंत पाहुण्यांनी सहलीचे तिकीट आणि नकाशा घेतला, आणि ऊन चढले की सावलीसाठी गॅब्रिएल मॅनिगॉल्टच्या घराच्या खांबांना टेकून उभे राहिले.